रांजण, रेडिओ आणि आयर्विनचं पाणी

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करा.’ डेंग्यूच्या दिवसांत ही सूचना सगळीकडे ऐकू येते आणि ती शास्त्राला धरूनच आहे. एडीस डासाला अंड्यातून निघून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतून दिलं की पुढची पिढी संपली. पण हीच सूचना टंचाईच्या दिवसांत माण, आटपाडी किंवा जतच्या पूर्व भागात ऐकवून पाहा. टँकर पुन्हा कधी येईल याची खात्री नाही, अंगणातली दोन बॅरलं आणि एक रांजण एवढीच घराची पुंजी. ती ओतून द्या असं रेडिओ सांगायला लागला तर घरची बाई रेडिओ बंद करेल, आणि तिचंच बरोबर असेल.

तिथे सांगायचं ते वेगळं. बॅरलच्या तोंडावर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं ताणून बांधा, पाणी काढलं की लगेच पुन्हा बांधा. टँकर यायच्या दिवशी बॅरल तळाला गेलेलं असतं. तेव्हा उरलंसुरलं पाणी फडक्यातून गाळून कळशीत घ्या, बॅरलची आतली बाजू काथ्याने खसाखसा घासा आणि मग नवं पाणी भरा. का घासायचं तेही सांगा. या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणजे नुसतं उपडं केलेलं बॅरल डासाच्या दृष्टीने रिकामं नसतंच. जनावरांच्या हौदात गप्पी मासे सोडायचे असतील, तर ते कोणत्या उपकेंद्रात आणि कोणाकडे मिळतात हे नाव घेऊन सांगा.

गावपातळीवर रेडिओचा उपयोग करू पाहणाऱ्या आशाताई, आरोग्य सेवक, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि केंद्रांवरच्या तरुण निवेदकांसाठी हा लेख आहे. त्यांनी एकच कसोटी हाताशी ठेवावी: आज ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याला घरातल्या किंवा गावातल्या वस्तूंनी आज दिवस मावळायच्या आत करता येईल का? येत नसेल तर ती ध्वनिमुद्रित करण्यात वेळ घालवू नका. रेडिओवरून ‘जनजागृती’ भरपूर होते, पण बॅरलाला फडकं बांधलं गेलं का हे फारसं कोणी विचारत नाही.

आधी आपल्याकडे कोणता रेडिओ आहे ते पाहू. आकाशवाणीचं सांगली केंद्र 1963 पासून आहे आणि सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या घरांना त्याची सवय आहे. साताऱ्यातही आकाशवाणीचं एफएम केंद्र आहे. याशिवाय माण तालुक्यात म्हसवडला 2008 मध्ये सुरू झालेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, 90.4 मेगाहर्ट्झवर, आणि जत तालुक्यात जालिहाळची ‘येरळावाणी’. ही दोन सामुदायिक केंद्रं आहेत. फरक नीट लक्षात घ्या, कारण कामाची वाटणी त्यावरच ठरते. सामुदायिक केंद्राला सर्वसाधारणपणे 100 वॉटपर्यंतच परिणामकारक प्रसारणशक्ती मिळते. त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो आणि मधे डोंगर आला की अडतो. पण याच मर्यादेमुळे त्याला वाडीचं नाव घेऊन बोलता येतं. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असं सरकारचं धोरणच सांगतं. आकाशवाणीची ताकद पोचण्यात, सामुदायिक केंद्राची ओळखीच्या आवाजात. पुराचा इशारा पहिल्याकडून द्या, बॅरल घासायला दुसरं सांगेल.

ऐकणारे कुठे आहेत, हेही एकदा स्वतः फिरून पाहा. घरातला रेडिओ संच कमी झाला आहे, ऐकणं तितकं कमी झालेलं नाही. पहाटे धारा काढताना गोठ्यात, भांगलणीला गेलेल्या बायकांच्या मोबाइलवर, मेंढरांमागच्या धनगराच्या खिशात, दूध संकलन केंद्राच्या खिडकीपाशी ते चालू असतं. मोबाइलवर एफएम ऐकायला इअरफोन जोडावा लागतो, कारण त्याची वायर हाच अँटेना. आणि नव्या बऱ्याच मोबाइलमध्ये एफएम येतच नाही. म्हणून प्रसारण झाल्यावर तोच तुकडा व्हॉट्सॲपवर सोडा, दूध संकलन केंद्राच्या स्पीकरवर लावा. दुधाची रांग सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी लागते आणि रांगेतल्या माणसाला दुसरं काही करायचं नसतं. एवढा हक्काचा श्रोता कोणत्याही केंद्राला मिळणार नाही.

आता मुद्द्याचं. नुसतं ऐकवून माणसं बदलत नाहीत, हे आपल्याच भागात तपासून झालं आहे, आणि त्याला जवळजवळ सत्तर वर्षं झाली. फेब्रुवारी ते एप्रिल 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पुणे, नाशिक, अहमदनगर, कोल्हापूर आणि उत्तर सातारा असे पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण 20 भाग. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा. दक्षिण सातारा 1960 मध्ये सांगली झाला. प्रत्येक गावात पंधरा-वीस जण एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर बोलत, शंका लिहून केंद्राकडे पाठवत आणि पुढे त्यांची उत्तरं रेडिओवर मिळत. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये छापला.

त्या पाहणीतली तुलना मला फार मोलाची वाटते. मंडळ असलेली गावं एका बाजूला, रेडिओ असूनही मंडळ नसलेली दुसऱ्या, आणि रेडिओच नसलेली तिसऱ्या. मंडळं होती तिथे लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ होता तिथे ती वाढ फारच थोडी दिसली. संच तोच होता आणि निवेदकही तोच; फरक केला तो ऐकून झाल्यानंतरच्या अर्ध्या तासाने. हा धडा आपण नंतर सोयीस्करपणे विसरलो. ट्रान्समीटर वाढवणं हे मंडळं चालवण्यापेक्षा सोपं काम होतं.

आज मंडळ नव्याने उभं करायची गरज नाही. बचत गटाची बैठक ठरलेल्या दिवशी होतेच. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात आहे. ती कागदावरून उठवायला हे निमित्त बरं. बैठकीची वेळ आधी विचारा आणि कार्यक्रम त्या वेळेला लावा, उलटं करू नका. बारा ते पंधरा मिनिटांचा भाग पुरतो. ऐकून झाल्यावर गटाने तीनच गोष्टी बोलायच्या: यातलं आपल्या वाडीला काय लागू आहे, या आठवड्यात कोण काय करणार, आणि काय पटलं नाही. तिसरा प्रश्न गाळू नका. कार्यक्रमाला खरी धार त्यातूनच येते. एकीने ते मोबाइलवर बोलून केंद्राला पाठवायचं. पुढच्या भागाची सुरुवात त्या प्रश्नांनी, वाडीचं नाव घेऊन करायची. आपला प्रश्न रेडिओवर आला की पुढच्या वेळी त्या बैठकीला सतरंजी कमी पडते.

प्रसारणाआधीचं एक काम मात्र केंद्रातल्या कोणाला तरी नेमून द्या, नाहीतर ते राहून जातं. पुरवठ्याची चौकशी. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही भरू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या, हा संदेश चोख आहे. पण त्या आठवड्यात तिथे लस शिल्लक आहे का, हे फोन करून विचारलंत का? जुलाबाच्या साथीत ओआरएसची पुडी आशाताईकडून घ्या असं सांगताना आशाताईच्या पिशवीत पुड्या आहेत का? नसतील तर घरचं पाणी सांगा: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लिटर मोजायला पाण्याची बाटली प्रत्येक घरात असते, तिचंच माप सांगा. लहान मुलांना त्याच्या जोडीने झिंकची गोळी 14 दिवस द्यायची असते आणि जुलाब थांबले की आई ती बंद करते. म्हणून ‘चौदा दिवस’ हे दोन शब्द एका भागात चारदा आले तरी चालतील. रेडिओचं ऐकून पंधरा किलोमीटर गेलेला माणूस रिकाम्या हाती परतला तर तो दवाखान्यावर रागावतोच, पण रेडिओवर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

लिहिण्या-बोलण्याबद्दल थोडं. रेडिओ ऐकणारा माणूस मधेच येतो आणि मधेच उठून जातो. त्यामुळे गैरसमज आधी सांगून मग तो खोडायची वर्तमानपत्री पद्धत इथे धोक्याची आहे. ‘साप चावला की वर घट्ट दोरी बांधावी असं अनेकांना वाटतं, पण…’ यातलं ‘पण’ येण्याआधी म्हैस हंबरली तर ऐकणाऱ्याच्या पदरात दोरीच पडली. करायचं तेवढंच सांगा: माणसाला आडवं ठेवा, चावलेला पाय हलू देऊ नका, फळी लावून सैल बांधा, 108 ला फोन करा, प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. आपल्या तालुक्यात ते कोणतं, त्याचं नाव घ्या. बत्तीस शिराळ्याच्या परिसराला नाग नवे नाहीत, तरी मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला तास तिथेही परत मिळत नाही.

डॉक्टरांना स्टुडिओत बोलावताना एक करा. त्यांना कागद वाचू देऊ नका; समोर एक आशाताई किंवा दोन लेकरांची आई बसवा आणि तिला प्रश्न विचारू द्या. भाषा आपोआप जमिनीवर येते. जतच्या पूर्व पट्ट्यात अनेक घरांत कन्नड बोलतात, तेव्हा तिथल्या प्रत्येक संदेशाची कन्नड आवृत्ती हवीच, आणि ती तिथल्याच बाईच्या तोंडून हवी. ओवी, भारूड, पोवाडा यांचा वापर जरूर करा, पण गाण्याच्या हौसेत काम हरवू देऊ नका. पाच मिनिटांच्या पोवाड्यात करायची गोष्ट एकच असावी. ध्वनिमुद्रणाला महागडी खोली लागत नाही. भिंतीला दोन-चार गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, मोबाइल विमान मोडवर टाकून तोंडापासून वीतभर धरला की आवाज स्वच्छ येतो.

आता पूर. कृष्णा-वारणाकाठी 2005, 2019 आणि 2021 हे तीन आकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. सांगलीत पावसाळा चढला की सगळ्यांचे कान एका आकड्याकडे लागतात: आयर्विन पुलाजवळ किती फूट? 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. हा आकडा ऐकायला घरदार थांबतं आणि तो ऐकून झाला की पांगतं. आरोग्याचा संदेश स्वतंत्र कार्यक्रमात ठेवला तर तोवर कोणी राहिलेलं नसतं. म्हणून तो आकड्याला चिकटवा, एकाच श्वासात. ‘आयर्विनजवळ इतके फूट. आजपासून पाणी उकळून प्या.’ पाणी चढताना एक वाक्य, उतरताना दुसरं. या सूचना आयत्या वेळी सुचत नाहीत. मे महिन्यातच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून तपासून, ध्वनिमुद्रित करून केंद्राकडे देऊन ठेवायच्या. बातम्या सामुदायिक केंद्राला स्वतः करता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. पण प्रशासनाने दिलेल्या आपत्तीच्या आणि आरोग्याच्या सूचना प्रसारित करायला आडकाठी नाही.

पाणी उतरतानाचं वाक्य अधिक महत्त्वाचं, कारण लोक तेव्हा निर्धास्त होतात. चिखल काढायला उघड्या पायांनी उतरतात आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पायाच्या भेगांतून शिरतो. तेव्हा गमबूट घाला, नसतील तर बूट घालून वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, जखम उघडी ठेवू नका. डॉक्सिसायक्लिनची गोळी आरोग्य सेवक देईल तशीच घ्या, दुकानातून आणून मनाने नको. चिखल उपसल्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर ‘अंग कसकसलं’ म्हणून झोपू नका, त्याच दिवशी तपासा. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकून अर्धा तास थांबायचं, मग शेवटच्या नळाचं पाणी ओटी चाचणीत पिवळं होतं का पाहायचं, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरलं पाहिजे. हे काम जलसुरक्षकाचं आहे, पण पिवळं झालं का हे विचारायचा हक्क प्रत्येक घराचा आहे, हे रेडिओने मोठ्याने सांगावं. पुरात वीज जाते, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आणि सेलचा जास्तीचा जोड प्रत्येक निवारा केंद्रात ठेवायला किती खर्च येतो? ग्रामपंचायतीच्या चहापाण्याहून कमी.

वर्षाचं वेळापत्रक सरकारी दिनविशेषांवर बेतू नका; ते आपल्या पंचांगावर बेता. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि आटलेल्या विहिरी, म्हणजे गॅस्ट्रो. पुढे माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी साताऱ्यातून जाते. त्या वाटेवरच्या गावांना पाण्याच्या टाक्या आणि शौचालयांबद्दल आठवडाभर आधी बोलावं लागतं. श्रावण-भाद्रपदात डास आणि साप. दिवाळीनंतर ऊसतोड मजूर कोप्या घालतात, त्यांच्या पोरांची लस राहून गेलेली असते. त्यांना आपलं केंद्र माहीतही नसतं. पण उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजतातच. मुकादमाला विचारून दोन गाण्यांच्या मधे एक मिनिटाचा संदेश पेन ड्राइव्हमधून घालता येतो, तिथल्या बोलीत. हा रेडिओ म्हणायचा का? मला तरी चालेल.

क्षयरोगाबद्दल बोलताना चालढकल करू नका: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. मात्र रुग्णाला बोलतं करताना दहादा विचार करा. नाव बदललं तरी गावात आवाज ओळखला जातो. त्याची गोष्ट दुसऱ्याने वाचावी आणि प्रसारणाआधी ती त्याला ऐकवून लेखी संमती घ्यावी. एचआयव्हीबाबत तर याहून कडक राहा. सांगलीत 1992 पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातल्या महिलांनाच कार्यकर्त्या म्हणून पुढे आणलं, आणि सांगायला कोण योग्य याचं उत्तर त्यात आहे. साथीच्या बातमीत घराचं, आळीचं नाव घेऊ नका. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात एका कुटुंबापासून सुरू झालेली करोनाची साखळी आठवा आणि रेडिओने त्या वेळी काय बोलू नये याची यादी स्वतःच करा.

जाहिरातींचा प्रश्न अवघड आहे, कारण केंद्र त्यावरच तगतं. मधुमेह मुळापासून बरा, मूल नक्की होणार, अशा जाहिराती घेऊन येणारा माणूस रोख पैसे देतो. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मधुमेहासह अनेक आजारांच्या अशा दाव्यांना मनाई करतो, तेव्हा नकार देताना कायद्याचं नाव सांगा, वाईटपणा कमी येतो. सकाळी डॉक्टर आणि दुपारी जडीबुटीवाला एकाच माइकवर बसला की ऐकणारा दोघांना एकाच मापाने मोजतो.

शेवटी मोजणी. किती फोन आले, हे मोजू नका. फोन करणारे नेहमीचेच असतात. भाग सुरू होण्याआधी आशाताईबरोबर वाडीतल्या शंभर घरांत जा आणि किती घरांच्या भांड्यांत अळ्या सापडल्या ते लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा तीच शंभर घरं. शक्य असेल तर प्रसारण पोचत नाही अशा डोंगरापलीकडच्या एका गावातही हीच मोजणी करा, म्हणजे आकडा पावसाने उतरला की रेडिओने हे कळेल. 1956 ची तुलनाही याच जातीची होती. कुत्रा चावलेले किती जण त्याच दिवशी आले, हे आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत सापडतं. आकडा हलला नसेल तर निवेदक बदलायच्या आधी त्या घरांत जाऊन विचारा, काय अडलं. बहुधा फडकं बांधायला दोरी नव्हती, किंवा बॅरलाचं तोंड फडक्याहून मोठं होतं, असलंच काहीतरी निघेल. मग पुढचा भाग त्या दोरीवर करा.